उबवणीच्या खोलीतलं चित्र

१

अंडं किती गरम आहे हे हाताला कळत नाही. हात राबून राबून बधिर झालेला असतो. अंडं डोळ्याच्या पापणीला लावायचं. पापणी खोटं बोलत नाही. मी सात वर्षांचा असताना तातायंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला हे शिकवलं. या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझा दिवस तसाच उजाडायचा. एक कप गोड कॉफी, दोन पाव, आणि मग अंधाऱ्या खोलीत डाव्या पापणीला एकामागून एक अंडी.

आमचा बदकांचा मळा फिलिपिन्समध्ये, लगुनाच्या तळ्याकाठी आहे. पुढे तळं, मधे कुंपणात बदकं, मागे उबवणीची खोली. तिला खिडकी नाही. भिंतीकडेने बांबूच्या उंच टोपल्या, त्यांच्याभोवती दाबून भरलेलं भाताचं तूस. टोपलीत एक थर भाजलेल्या साळीच्या पिशवीचा, एक थर अंड्यांच्या पिशवीचा, असं वरपर्यंत. दिवसातून दोनदा थर खालीवर करायचे. आठव्या दिवशी प्रत्येक अंडं दिव्यावर धरून बघायचं. दिवा म्हणजे पत्र्याचा डबा, आत बल्ब आणि वर अंड्याच्या बेताचं भोक. अंडं वांझ असलं तर नुसता पिवळा उजेड दिसतो. जीव धरला असेल तर लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मधे काळा ठिपका. दिवा लागला की ठिपका अंग चोरतो.

अठराव्या दिवशी उकळायचं. त्यालाच बालूट म्हणतात. थोडं पिल्लू, थोडा बलक, थोडा रस. लोक टवका काढून आधी रस ओढतात, मग मीठ लावून बाकीचं. आमच्या तीन पिढ्या यावर जगल्या.

त्यामुळे किळस हा प्रकार मला ठाऊक नव्हता. नासलेली अंडी माझ्या तोंडावर फुटली आहेत. बदकांना घालायच्या गोगलगायींची पोती उन्हात सडून त्यांचं पाणी माझ्या पाठीवरून ओघळलं आहे. मी अंघोळ करून जेवायला बसायचो. आमच्या घरातली सगळी किळस एकटीच्या वाट्याला आली होती. माझ्या धाकट्या बहिणीच्या, रुफिनाच्या.

२

रुफिना लहानपणी नाकाला रुमाल बांधून शाळेत जायची आणि रुमाल बांधूनच परत यायची. अठरावं लागलं तशी मनिलाला पळाली. तिथे चित्रकला शिकली. वीस वर्षांत नाव कमावलं, आणि नाव कमावलं ते कशावर? आमच्या बदकांवर. चिखलातले बदकांचे पाय, गोगलगायींचे ढीग, फुटकी अंडी, नानायचे, म्हणजे आमच्या आईचे, कोंडा कालवणारे हात. एकदा वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता, खाली लिहिलं होतं की मळ्यावरचं बालपण ही तिच्या कलेची माती आहे.

नानायने तो कागद बघितला आणि सुकी मासळी त्यातच बांधून शेजारी पाठवली.

या वर्षी उन्हाळ्यात रुफिना दोन महिन्यांसाठी घरी आली. मोठं प्रदर्शन होतं आणि तिला सगळी चित्रं मळ्यावरच काढायची होती. नानायने दारातच गाठलं.

"ये बाई. ज्या वासाने नाक मुरडत होतीस, तोच आता भिंतीला टांगून विकतेस म्हणे?"

"नानाय, तेव्हा मला नुसतं नाक होतं. आता डोळे आले."

"डोळ्यांना वास येत नाही, म्हणून बरं चाललंय तुझं."

रुफिना हसली. नानायही हसली, पण बॅग उचलायला पुढे झाली नाही.

मी बॅग उचलली. "कुया, तू वाळलास रे," ती मला म्हणाली. कुया म्हणजे थोरला भाऊ.  ताताय अकरा महिने अंथरुणाला खिळले होते, त्या अकरा महिन्यांत ती एकदाही आली नव्हती. मयतीला आली ती रुमाल घेऊन. त्याला तीन वर्षं झाली, पण तो रुमाल माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. पांढरा, कोपऱ्यात निळी वेल.

३

उबवणीच्या खोलीला लागून आमची पोत्यांची खोली आहे. ती तिने घेतली. ट्यूबमधले रंग तिने आणलेच नव्हते. तळ्याकाठची तांबडी माती, साळ भाजायच्या कढईची काजळी, गोगलगायींच्या शंखांची पूड, हे सगळं वस्त्रगाळ करून ती अंड्याच्या बलकात कालवायची.

"जुने लोक असंच रंगवायचे, कुया. बलकातला रंग हातावरच वाळतो आणि मग शेकडो वर्षं हलत नाही."

मी तिला वांझ अंडी द्यायचो. ती बलक तळव्यावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर घरंगळवत पांढरं काढून टाकायची, मग बलकाची कातडी चिमटीत धरून सुईने टोचायची. कातडी तिच्या बोटांत लोंबत राहायची आणि खालच्या वाटीत पिवळं गळायचं. नाकाला रुमाल बांधणारी हीच का ती, असं मला वाटायचं.

तीन-चार चित्रं झाल्यावर तिने मोठं काम काढलं. तातायंच्या वेळच्या अंड्यांच्या जुन्या कापडी पिशव्या माळ्यावर पडल्या होत्या. वर्षानुवर्षं अंडी फुटून फुटून त्यांच्यावर पिवळे-तपकिरी डाग चढलेले. त्या उसवून, एकाला एक शिवून तिने दाराएवढं कापड केलं आणि लाकडी चौकटीवर ताणून बसवलं. त्यावर ताताय काढले. अंधाऱ्या खोलीत, दिव्याच्या डब्यासमोर बसलेले, आपल्याकडे पाठ करून. उघडी पाठ, वाकलेली मान, खांद्याशी धरलेलं एक अंडं, दोन्ही बाजूंनी दिसणारा उजेड.

"तोंड का नाही काढलंस?" मी विचारलं.

"आठवत नाही," ती म्हणाली. "खरंच सांगते. पाठ आठवते."

मला ती पाठ तिच्यापेक्षा जास्त आठवत होती. 

चित्र अंगणातून बघितलं तरी पाठ जिवंत वाटायची. तिच्या बाकीच्या चित्रांत ती चमक नव्हती. मी तसं म्हणालो, तर ती लाजल्यासारखी झाली.

"तुझ्या वांझ अंड्यांना तेजच नाही, कुया. म्हणून मी टोपलीतली घेतली. आतली, गरम."

"पिना!" घरात आम्ही तिला हेच म्हणतो. "ती जीव धरलेली होती."

"मग? तुम्ही तर ती उकळता."

 चित्र पुरं झालं तो शनिवार होता.

४

मंगळवारी पोती काढायला गेलो तेव्हा माझं कोपर चित्राला लागलं. कोपरावर ओलं लागलं.

बलकातला रंग हातावरच वाळतो, असं तीच म्हणाली होती. बाकीची चित्रं तासाभरात हाडासारखी कोरडी झाली होती. आणि हे तीन दिवसांनी ओलं. तेही नुकत्या लावलेल्या रंगासारखं नाही. घामासारखं. पाठीच्या खालच्या भागावर बारीक बारीक थेंब जमले होते.

खोलीवर पत्रा आहे, चित्र उबवणीच्या भिंतीला टेकवलेलं आहे, पलीकडे टोपल्या धगधगतायत, म्हणून कापडाला घाम सुटला. असा विचार केला आणि चित्र उचलून अंगणात फणसाच्या सावलीत ठेवलं. तळ्यावरून वारा होता. दुपारपर्यंत वाळेल म्हटलं.

दुपारी बघितलं तर थेंब तसेच. वर माशा बसलेल्या. कोंड्यावर बसतात तशा उडत-बसत नव्हत्या. पाठीच्या मधोमध गच्च, हलत नव्हत्या. मी टोपीने हाकलल्या, तर टोपीला तार आली. पिवळी, चिकट, बोटभर लांब.

कुणी बघत नाहीसं पाहून मी वाकलो आणि डावी पापणी चित्राला लावली.

पस्तीस-छत्तीस वर्षं रोज शेकडो अंडी या पापणीला लागली आहेत. तिसऱ्या दिवसाच्या अंड्याची ऊब मला झोपेतही ओळखू येते. ती तीच होती. मी डोकं मागे घेतलं तेव्हा पापणी चिकटली होती, ती सुटताना 'चट्‌' असा आवाज झाला. मी पंपाखाली जाऊन तोंड धुतलं, मग साबण लावून पुन्हा धुतलं.

५

त्या आठवड्यात मनिलाहून मिसेस केसादा आल्या. प्रदर्शन भरवणाऱ्या त्याच. पांढरे कपडे, पायात पांढऱ्या चपला, आणि बदकांच्या कुंपणातून येताना कपाळावर आठी नाही. त्यांनी दारातच दीर्घ श्वास घेतला.

"अगं, हा वास! अंगावरच येतो."

"धुऊन काढते मी खोली," रुफिना म्हणाली.

"खुळी आहेस का? वास राहू दे. हाच तर मळा! लोकांना ओकारी आली पाहिजे आणि तरी पाय निघता कामा नये."

दारात कोंड्याची घमेली घेऊन उभी असलेली नानाय म्हणाली, "ओकारीला एवढ्या लांब कशाला यायचं, बाई?" मिसेस केसादांना ते फारच आवडलं. त्यांनी नानायला जवळ ओढून फोटो काढून घेतला.

मग त्या चित्रापाशी गेल्या.  बोट पुढे करून त्यांनी पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, हलकेच दाबलं. तिथे खळगा पडला. त्यांनी बोट काढलं आणि खळगा हळूहळू भरून आला, सुजलेल्या पायावर दाबल्यावर भरून येतो तसा.

त्यांनी बोट स्कर्टला पुसलं. मग रुमालाला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "साबण कुठे असतो तुमच्याकडे?"

मग त्या गाडीत बसल्या. गुरुवारी ट्रक पाठवते, एवढं म्हणाल्या. कुठला गुरुवार ते मी विचारून घेतलं आणि मनात दिवस मोजले. चित्र पुरं झाल्यापासून बुधवार अठरावा पडत होता.

पण मी दिवस का मोजले? कापडाचे दिवस कोण मोजतं?

६

आठव्या दिवशी सकाळी रुफिना तळ्यावर रेखाटनं करायला गेली होती. मी दिव्याचा डबा घेतला, वायर लांबवली आणि पोत्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं. मनात म्हटलं, कापडावर बुरशी आली असेल. पिशव्या जुन्या, डाग जुने, वर अंडं. बुरशी न येईल तरच नवल. उजेडात बुरशी दिसली की बहिणीला दाखवू, चुन्याचा हात मारू, प्रश्न मिटला.

डबा चित्राच्या मागे धरला आणि मान काढून पुढून बघितलं.

चित्रातल्या अंड्यात काही नव्हतं. तिथे नुसता पिवळा उजेड. लाल जाळं सुरू होत होतं ते तातायंच्या मानेच्या मणक्यापासून. एक जाड शीर खाली उतरलेली, तिला फाटे, फाट्यांना केसाएवढे फाटे, कापडाच्या कडेपर्यंत. दोन पिशव्यांच्या शिवणीवरूनही शीर अखंड गेली होती. टाक्यांची तिला अडचण नव्हती. आणि पाठीच्या आत, खोल, माझ्या मुठीएवढा काळा डाग.

तांबड्या मातीचा ओघळ असू शकतो, मी स्वतःला सांगितलं. माती झिरपते, धाग्याधाग्याने पसरते.

डबा मी जरा सरकवला. डागाने अंग चोरलं.

मी दिवा विझवला. अंधारात उभा राहिलो. पलीकडे कुंपणात चारशे बदकं रोजच्यासारखी कलकलत होती. खोलीत मात्र आणखी एक आवाज होता, अगदी बारीक. ओठ उघडताना होतो तसा ओला.

७

त्या दिवसापासून जेवण माझ्या घशाखाली उतरेना. बालूट तर नाहीच, साधं अंडंही नाही. मी, ज्याला किळस माहीत नव्हती! भातावर माशी बसली तरी ताट बाजूला सारायचो.

चित्राचा वास बदलला होता. आता अंड्याचा राहिला नव्हता. मला तो वास ठाऊक होता. ताताय पडून होते तेव्हा त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. मी त्या रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचो. मला कधी घाण वाटली नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरं नाही. शेवटच्या महिन्यात मी श्वास रोखून धुवायचो आणि दर वेळी घाई करायचो. एकदा मी म्हणालो होतो, "ताताय, आता पुरे करा." ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना ऐकू आलं की नाही मला ठाऊक नाही.

रुफिनाला त्या वासाचं काहीच नव्हतं. तिने चटई चित्राच्या पायथ्याशी टाकली. सकाळ-संध्याकाळ ती चित्र उचलून उलटं करायची, वरची बाजू खाली, खालची वर. मी टोपल्यांतल्या पिशव्या फिरवायचो त्याच वेळेला.

"हे कशाला करतेस?"

"रंग एका बाजूला उतरू नये म्हणून."

"पिना, माझ्याकडे बघून सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डाव्या पापणीवर पिवळा पापुद्रा सुकला होता.

"कुया," ती हळू आवाजात म्हणाली, "ताताय गरम आहेत."

"ते कापड आहे."

"मी तेव्हा आले नाही. मला वास सोसला नसता. तू केलंस सगळं, मला ठाऊक आहे. आता मला करू दे ना. बघ, मला काही होत नाही." आणि तिने चित्राला गाल टेकवला. तिथलं कापड गालाच्या आकाराला आत गेलं. थोड्या वेळाने ते बाहेरच्या बाजूला आलं. तिच्या गालावर दाबून राहिलं.

मी बाहेर येऊन फणसाच्या बुंध्याशी ओकलो.

नानाय कोंडा कालवत होती. तिने हात थांबवले नाहीत. "सांगशील तरी काय झालंय? दोघंही भुतासारखी फिरताय."

मी सगळं सांगितलं. नानाय हसेल असं वाटलं होतं. तिने हात धुतले, झग्याला पुसले, पोत्यांच्या खोलीत गेली. रुफिनाला म्हणाली, "जरा सरक." मग वाकून, कंबरेवर हात ठेवून, तिने म्हातारी पापणी चित्राला लावली. बराच वेळ लावून ठेवली. पन्नास वर्षं ज्या पाठीशेजारी ती झोपली होती ती पाठ.

बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "कितवा आज?"

"सोळावा."

"अठराव्याला उकळायचं. त्याच्यापुढे आपण कधी गेलो नाही."

"आणि पिना?"

"तिला मी सुताराकडे धाडते. खोका आणायला."

"नानाय, ते... ते आहे तरी काय?"

"मला काय विचारतोस?" ती एकदम चिडली. "तुझा बाप माझ्या हातावर गेला. मी डोळे मिटले त्याचे. गेलेलं माणूस मागच्या दाराने आलं तर त्याला ये म्हणायचं असतं का?"

८

बुधवारी दुपारी रुफिना तीनचाकी करून गावात गेली. जाताना म्हणाली, "कुया, चारला फिरवशील ना?" मी मान हलवली.

अंडी उकळायचा आमचा लोखंडी पिंप सकाळपासूनच चुलीवर होता. त्या दिवसाचा माल आम्ही काढून घेतला, पाणी पुन्हा खळखळू दिलं. मग दोघांनी मिळून चित्र बाहेर आणलं. कापड आणि चार पट्ट्या, एरवी मी एका हाताने उचललं असतं. त्या दिवशी नानायला मधे दोनदा खाली ठेवावं लागलं. चालताना आतलं वजन या बाजूचं त्या बाजूला जात होतं. वळताना ते उशिरा वळायचं.

साळ वाळवायच्या सिमेंटच्या ओट्यावर आम्ही ते आडवं ठेवलं. ऊन रणरणत होतं. पाठ वर. घामाने चमकणारी. माझ्या लक्षात आलं की कुंपणातून आवाज येत नाहीये. सगळी बदकं तळ्याकडच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती, चोची पिसांत खुपसून.

"नानाय, थांब जरा."

"काय झालं?"

"आपण चूक करत नाही ना? उगाच आपल्याला भास झाला असेल, पिनाची दोन महिन्यांची मेहनत..."

"भास असेल तर कापड भिजेल," नानाय म्हणाली. "बादली उचल."

पहिली बादली मी ओतली. पाणी कापडावरून वाहून गेलं नाही. कापडाने ते आत घेतलं. ढोलासारखं ताणलेलं कापड मधोमध वर आलं, वीतभर, आणि तिथे थरथरत राहिलं. दुसरी बादली नानायने ओतली. तिसरी मी. शिरा वरूनच दिसू लागल्या, दिव्याशिवाय, आधी लाल, मग तपकिरी, मग राखाडी. खालून ओट्यावर पातळ पिवळट रस पसरला आणि माझ्या पायांच्या बोटांत शिरला.

चौथ्या बादलीला मानेजवळची शिवण उसवली. चार बोटं, जास्त नाही. मी बघणार नव्हतो. बघितलं.

आत कान होता. माणसाचा, म्हाताऱ्याचा, लोंबत्या पाळीचा. त्यावर पिल्लाची ओली पिवळी लव चपटी चिकटलेली. चेहरा खाली होता, ओट्याकडे. कान जरासा हलला, कुणीतरी हाक मारली की मान वळायच्या आधी हलतो तसा.

"आता पुरे करा," मी म्हणालो. की मला तसं ऐकू आलं, ते मी खात्रीने सांगू शकत नाही.

नानायने पाचवी बादली ओतली. शिवण पाण्याने फुगून मिटली. कापड हळूहळू खाली बसलं.

९

रुफिना परत आली तेव्हा ओट्यावरून अजून वाफा निघत होत्या. तिने खोका तीनचाकीतच ठेवला. मला वाटलं ती ओरडेल, माझ्या अंगावर धावून येईल. मी त्याच्यासाठी उभा होतो. ती ओट्याशी आली, उकिडवी बसली आणि कापडाच्या कडेला हात लावून बघितला, निवलं का ते.

"कुठवर आलं होतं?" तिने विचारलं.

"काय?"

"नखं फुटली होती?"

"मी बघितलं नाही, पिना."

"तू खोटं बोलतोस. तू नेहमी बघतोस."

नानाय तिच्या शेजारी बसली आणि तिने तिला छातीशी ओढलं. रुफिना रडली ती खूप वेळाने, लहान पोरीसारखी, भोकाड पसरून. नानाय तिच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि एकच वाक्य म्हणत राहिली, "यायचं होतं तेव्हा यायचं असतं, बाळा. यायचं होतं तेव्हा."

आम्ही ते चौकटीसकट कुंपणामागे पुरलं, वर चुन्याची दोन पोती ओतली. कापड उलगडून कुणी पाहिलं नाही. गुरुवारी ट्रक आला, बाकीची चित्रं घेऊन गेला, रुफिना ट्रकमध्येच पुढे बसून गेली. प्रदर्शन झालं. चांगलं झालं म्हणतात. आता ती रविवारी नानायला फोन करते. नुसत्या काळ्या शाईने काम करते, असं नानाय सांगत होती. माझ्याशी बोलत नाही.

मी उबवणीची खोली चालवतो. दुसरं येत काय मला? पण पापणीला अंडं लावत नाही, बाजारातून काचेचा तापमापक आणला आहे. नानायने त्यावरून एकदाही टोमणा मारलेला नाही.

पावसाळा लागल्यावर मी चर्चमध्ये जाऊन पाद्रीबाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दुःख माणसाला काय काय दाखवतं. भला माणूस आहे. त्यांना मी चित्र सांगितलं, शिरा सांगितल्या, कानही सांगितला. एक गोष्ट मात्र जिभेवर आली नाही.

तिसऱ्या बादलीनंतर तो वास गेला होता. आठवडाभर घरादारात कोंदलेला तो जखमेचा वास, एका क्षणात गेला. आणि ओट्यावरून दुसरा वास उठला. दाट, खारट, गोडसर. लहानपणी रविवारी सकाळी पहिलं अंडं फोडून ताताय माझ्या हातात द्यायचे, तेव्हा टवक्यातून यायचा तो. आठ-दहा दिवस मी नीट जेवलो नव्हतो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भरून आलं तोंड. मी नानायकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना म्हणत असेल. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही कळलं.

नानाय बाजूला वळून थुंकली.

मी गिळलं.